मेंढरांनी न खाल्लेली झाडं

गायरानावर खेळाडूंनी लावलेली झाडं कुठं गेली, असं आमच्या गावात आजही कुणी विचारलं तर शाळेत जाणारं लेकरूसुद्धा सांगतं, धनगराच्या मेंढरांनी खाल्ली. हे गावाला मी सांगितलं होतं. ते खरं नाही. यंदा तोंडी सांगून झालं. काहींना पटलं, काहींना त्यातही माझा काही डाव दिसला. म्हणून सगळं पहिल्यापासून लिहितो.

मी खेळाचा शिक्षक. पुसेगावच्या पलीकडच्या आमच्या गावातच बरीच नोकरी झाली, आणि ती संपल्यावरही कबड्डीच्या सामन्यांना पंच म्हणून बोलावणं यायचं. पंचाला संशयाची सवय लागते. चढाईला गेलेला गडी म्हणतो हात लागला, समोरचा म्हणतो लागला नाही, आणि दोघंही आईची आण घेतात. मी तोंडाकडे बघायचं सोडून पायाकडे बघायला शिकलो. मैदानाबाहेरही माझी नजर तशीच राहिली. दूधवाल्याचं माप, दुकानदाराचा काटा, दारात आलेल्या पाहुण्याचा हेतू, सगळं मी आधी तपासायचो. बायको म्हणते, तुमचं बरं हाय, देवाच्या मूर्तीला बी तुमी दोनदा निरखून मग हात जोडता.

माझा एक विद्यार्थी चांगला पकडपटू होता. गुडघा गेल्यामुळं त्याचं खेळणं संपलं, पण टीव्हीवर मॅटवरच्या कबड्डीचे सामने सुरू झाले तेव्हा एका मोठ्या शहराच्या व्यावसायिक संघात त्याला खेळाडूंकडून व्यायाम करून घ्यायचं काम लागलं. गावातून तिथवर गेलेला तो एकटाच. त्याचा फोन आला, की विद्यार्थ्याचा फोन आलाय म्हणून नव्हे, तर 'संघातून' फोन आलाय म्हणून बायको शेजारी सांगून यायची.

एका हंगामात त्यानं सांगितलं, की त्यांच्या संघानं पर्यावरणाचं काम हाती घेतलं आहे. खेळाडूंचे सदरे जुन्या प्लास्टिकच्या बाटल्यांपासून बनवलेले. सामन्यांचे दिवे, गाड्या, विमानं यांच्यामुळं हवेत जो धूर जातो त्याच्या बदल्यात झाडं लावायची. संघानं जितक्या पकडी यशस्वी केल्या तितकी झाडं. टीव्हीवर पकड झाली की कोपऱ्यात एक हिरवं पान उगवायचं. आणि ही झाडं आपल्या गावच्या गायरानावर लावायची, असं त्यानं तिथं भांडून ठरवून घेतलं होतं.

मी पहिला संशय त्याच्यावरच घेतला. फुकट झाडं लावायला शहरातून इथं कोण येतं? गावालाही तेच वाटलं. सरपंच म्हणाले, आज झाड लावतील, उद्या कुंपण घालतील, परवा आपल्याच गायरानात जायला आपल्याला चिठ्ठी लागंल. पण विद्यार्थी म्हणाला, सर, देखरेख तुम्हीच करा, तुमच्या हातात सगळं. तेवढ्यानं माझा संशय विरघळला. गुरुजी मधे आहेत म्हटल्यावर गावाचाही विरघळला.

गायरान म्हणजे गावाच्या वरचा मुरमाड माळ. पलीकडच्या उतारावर पाझर तलाव. त्या माळावर पिढ्यान्‌पिढ्या गावातल्या तीन धनगर घरांपैकी एकाची मेंढरं चरत आली. तो धनगर माझ्याच वयाचा. लहानपणी आम्ही त्याच तलावात पोहायला शिकलो. पुढं मी शिकलो आणि तो मेंढरांमागं गेला, मग मी त्याला नावानं हाक मारायचो आणि तो मला गुरुजी म्हणायचा. उन्हाळ्यात शेतकरी त्याला बोलावून घ्यायचे. रात्रीची मेंढरं शेतात बसवली की लेंडीचं, मुताचं खत फुकट मिळतं, आणि त्याला धान्य मिळतं. गावात त्याचं पोट या दोन गोष्टींवर होतं, माळावरची चराई आणि शेतकऱ्यांचं बोलावणं.

झाडं लावायच्या दिवशी खेळाडू सकाळी यायचे होते. आले दुपारी. तोवर आकाश भरून आलं होतं आणि त्यांना पुढं वाशिमकडं अजून एका ठिकाणी जायचं होतं. खड्डे आधीच खणून तयार. रोपं रोपवाटिकेतून काळ्या पिशव्यांत आलेली. मी गावातल्या बाया पिशव्या फाडायला बसवल्या होत्या. पण पिशवी नीट फाडली नाही की मातीचा गोळा फुटतो, मुळं उघडी पडतात, आणि कॅमेरावाल्याला ते नको होतं. विद्यार्थी माझ्याजवळ आला. घामाघूम झाला होता. म्हणाला, "सर, एकेक पिशवी अशी जपून फाडत बसलो तर अंधार पडेल. काय करू सांगा."

मी म्हणालो, पिशवीसकट ठेवा. उद्या बाया येऊन काढतील.

शिटी वाजवली, रांगा लावल्या, आणि दिवस मावळायच्या आत गावाकडचा सगळा माळ हिरव्या काड्यांनी भरून गेला. उंचेपुरे गडी बाटल्यांपासून बनवलेले सदरे घालून खाली वाकत होते, आणि गावातली पोरं त्यांच्या पोटऱ्यांकडं बघून राहिली होती. गाड्या गेल्यावर माळावर पाण्याच्या रिकाम्या बाटल्या पडल्या होत्या. धनगराची बायको त्या गोळा करताना म्हणाली, "घ्या, यांच्या पुढच्या सालच्या कपड्याची सोय झाली." मी तिला गप्प बसवलं. माझ्या विद्यार्थ्याची चेष्टा मला सहन होत नव्हती.

दुसऱ्या दिवशी पाऊस लागला. माळावर पाय ठरेना. उघडीप झाली तेव्हा सोयाबीनची निंदणी सुरू झाली आणि एकही बाई कामाला मिळेना. मी मनाशी म्हणालो, पुढच्या आठवड्यात. नंतर मनाशी काही म्हणायचंही राहून गेलं. दर महिन्याला रोपांचे फोटो काढून विद्यार्थ्याला पाठवायचे होते, ते मी पाठवत होतो. फोटोत फक्त जमिनीच्या वरचं दिसतं.

हिवाळ्यात रोपं मान टाकायला लागली. होळीच्या सुमाराला माळावर काड्या उरल्या. विद्यार्थ्याचा फोन आला. सर, वर विचारून राहिलेत, कशामुळं झालं? त्याच्या आवाजात भीती होती. संघाच्या त्या मोहिमेचा चेहरा तोच होता. मी म्हणालो, बघून सांगतो.

मी बघायला गेलो ते आधीच ठरवून गेलो होतो, हे आज कळतं. रोपांमधून तलावाकडं जाणारी मेंढरांची वाट होती. वाटेच्या दोन्ही बाजूंना लेंड्या होत्या, काही खड्ड्यांतही होत्या. मला पंचाच्या नजरेनं पाऊल सापडल्यासारखं झालं. खाली वाकून मी लेंड्यांचे फोटो काढले. त्याच फोटोत काडीला वाळलेली पानं लटकत होती. मेंढरानं तोंड घातलं असतं तर पान शिल्लक राहिलं असतं का? हा प्रश्न मला पडला होता. तो मी बाजूला सारला.

गाव पारावर जमलं. धनगराला बोलावलं. तो म्हणाला, मेंढरं पाण्याला तिथूनच जातात, पण मी आणि बायको दोन्ही अंगानं काठी धरून नेतो, झाडाला तोंड लावू देत नाही. मी विचारलं, लेंड्या खड्ड्यात कशा? तर म्हणाला, मीच टाकल्या, झाडाला खत व्हावं म्हणून. लोक हसले. सरपंच म्हणाले, "आधी पान खायाचं अन् मंग खत द्यायाचं, असा धरम कुठला?"

मग मीच सुचवलं, बेलभंडारा उचल. खंडोबाच्या देवळातून कुणीतरी बेलाचं पान आणि चिमूटभर भंडारा आणला. आमच्याकडे बेलभंडारा उचलून खोटं बोलणारा माणूस मी पाहिलेला नाही. तो धनगर पुढं आला, पानाकडं बघत उभा राहिला, आणि हात मागं घेतला.

"गुरुजी, माझ्या तोंडाची आण मी घेतो. मेंढराच्या तोंडाची कशी घेऊ? एवढा कळप हाय. एखाद्या कोकरानं माझ्या नजरंआड एक पान तोडलं असंल, तर मी खंडोबापाशी खोटा पडंल."

 पारावरच्या सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मैदानावर जो गडी अडखळतो तो बाद, हे मी उभा जन्म बघत आलो होतो. मी म्हणालो, "निकाल लागला."

त्याच बैठकीत गायरानावर चराईबंदी झाली. मेंढरू चरताना दिसलं की दंड. मी विद्यार्थ्याला कळवलं, त्यानं वर कळवलं, आणि वरच्या लोकांना ते लगेच पटलं. संघानं माळावर पाटी लावली, चराईपासून झाडांचं रक्षण करा.

गायरान गेलं ते गेलंच, पण शेतकऱ्यांचं बोलावणंही गेलं. हे मला आधी सुचलं नव्हतं. ज्याची मेंढरं राखलेली झाडं खातात, त्याचा कळप हळदीच्या नाही तर तुरीच्या शेजारी रात्रभर कोण बसवील? त्या उन्हाळ्यात त्याला एकाही शेतात उतरू दिलं नाही. तो कुरुंद्याकडं गेला, तिथंही त्याची कीर्ती आधीच पोचली होती. नवरानवरी एकमेकांना शोधत नाहीत इतक्या वेगानं आमच्याकडं माणसाची बदनामी सोयऱ्याधायऱ्यांतून गावोगाव पोचते. शेवटी त्यानं अर्धी मेंढरं विकली आणि कनेरगाव नाक्याच्या अलीकडं रस्त्याकडेला पाल टाकलं, असं कानावर आलं.

पुढच्या पावसाळ्याआधी मेलेल्या रोपांच्या जागी नवी लावायची होती. मजूर यायच्या आधी मी एकटाच माळावर चढलो. सहज एक काडी उपटली. काडीबरोबर काळी पिशवी वर आली, अखंड. आत मुळं पिशवीच्या आकारात गोल गोल फिरून, एकमेकांना आवळून वाळली होती. दुसरी उपटली, तीही तशीच. बऱ्याच उपटल्या. जी थोडी झाडं जगली होती त्यांच्या पिशव्या लावतानाच फाटल्या असाव्यात.

मी तिथं खाली बसलो. मग उठून त्या पिशव्या एका खड्ड्यात टाकल्या आणि वर माती लोटली. मजूर आले तेव्हा मी म्हणालो, जुन्या काड्या उपटायच्या नाहीत, नवे खड्डे बाजूला घ्या. नव्या रोपांच्या पिशव्या मात्र समोर उभं राहून फाडून घेतल्या. एक बाई म्हणाली, गुरुजी औंदा लईच बारकाईनं बघून राहिले. तिच्या बोलण्यात काही होतं का, याचा मी अजून विचार करतो.

ती झाडं जगली. गावानं त्याचा अर्थ काढला: बघा, मेंढरं बंद झाली अन् झाडं आली. माझ्या निकालाला माझ्याच झाडांनी साक्ष दिली.

मी गप्प राहिलो. स्वतःला सांगितलं, विद्यार्थ्याची नोकरी जाईल. ते खरं होतं, पण पुरतं नव्हतं. मला भीती माझी होती. त्यानंतर मी कुणाशी नीट बोलू शकलो नाही. पारावर दोघं हळू बोलताना दिसले की वाटायचं, पिशवी सापडली. कुणाचं कुत्रं माळावर उकरताना दिसलं तरी मी हातात दगड घेऊन वर जायचो. हिंगोलीच्या बसमध्ये एकदा त्या धनगराची बायको समोर बसली होती. तिनं माझ्याकडं एकदाच बघितलं आणि खिडकीकडं तोंड केलं. तिला ठाऊक आहे, असं मला त्या दिवसापासून वाटत राहिलं. ठाऊक असण्याचं काही कारण नव्हतं.

यंदा संघाला माळाच्या उरलेल्या भागावरही झाडं लावायची आहेत. ग्रामसभा भरली. सरपंचांनी सांगितलं, अट जुनीच, चराई बंद, आणि या वेळी तलावाची वाटही बंद. ती वाट बंद झाली की गावात उरलेल्या दोन धनगर घरांनाही पाल उचलावं लागलं असतं. ती माणसं सभेत मागं भिंतीला टेकून उभी होती. त्यांच्यातलं कुणी काही बोललं नाही. बोलून काय होतं हे त्यांनी पारावर पाहिलं होतं.

मी उभा राहिलो आणि सांगितलं, की पहिली झाडं मेंढरांनी खाल्ली नाहीत. ती पिशवीसकट लावली म्हणून मेली, आणि पिशवीसकट लावायला मी सांगितलं.

मला वाटलं होतं लोक चिडतील. लोक संशयानं बघायला लागले. सरपंच हळू आवाजात म्हणाले, "गुरुजी, वय झालं, उन्हात हिंडू नका." मागून कुणीतरी म्हणालं, धनगरवाड्यावरून मटण आलं असंल घरी. त्यावर दुसऱ्यानं सांगितलं, गुरुजी माळकरी हाईत, त्यायला लोकर पोचली असंल. सभा हसली. एका तरुणानं जरा गंभीरपणे विचारलं, "मंग इतके दिस काहून नाही बोलले? आताच काहून?"

 मी म्हणालो, टिकाव घ्या आणि चला.

निम्मी सभा माळावर आली. मी पहिल्या वर्षीच्या ओळी दाखवल्या. काड्या कधीच कुजून गेल्या होत्या, पण खणलं की पिशव्या निघत होत्या. प्लास्टिकला काही झालं नव्हतं. तिसऱ्या-चौथ्या खड्ड्यानंतर हसणं थांबलं. सरपंचांनी एक पिशवी हातात घेऊन उलटीसुलटी करून पाहिली. त्यांनीच बंदी पुकारली होती. ते म्हणाले, "त्याला सांगायचं काम गावाचं न्हाई. तुमी निकाल दिला, तुमीच जाऊन सांगा." वाट बंद करायचा विषय तिथंच मागं पडला, आणि माळावरची जुनी बंदी उठली.

रात्र व्हायच्या आत विद्यार्थ्याचा फोन आला. गावातून त्याला कळलं होतं. तो चिडला नाही, ते मला जास्त लागलं. त्यानं एवढंच विचारलं, "सर, त्या दिवशी पिशव्या राहिल्या हे मलाही माहीत होतं. तुम्ही काढून घेतल्या असतील असं मी धरून चाललो. मला कधीच का नाही सांगितलं?" मी त्याला वाचवतो आहे असं समजत होतो, आणि तो मला न विचारून माझा मान राखत होता. संघाला तो स्वतः सांगणार आहे म्हणाला. सांगेल का, ही शंका मला फोन ठेवताठेवताच आली. त्यानं सांगितलं. त्याचं पुढं काय होतं ते अजून ठरायचं आहे.

मी कनेरगाव नाक्याला गेलो. ढाब्यांच्या मागं, नांगरलेल्या रानाच्या कडेला त्याचं पाल होतं. जाळीच्या कुंपणात थोडीच मेंढरं. बायको चुलीपाशी होती. तिनं मला ओळखून पदर सारखा केला आणि नवऱ्याला हाक मारली, गावचे गुरुजी आलेत, बघा आता काय ऱ्हायलंय न्यायचं.

मी उभ्यानंच सांगितलं. पिशव्या, वाळलेली पानं, पुरलेलं प्लास्टिक, सगळं. तो काठीवर हनुवटी टेकून ऐकत होता. माझं संपल्यावर त्यानं विचारलं, "सही कुठं करायची?"

"कसली सही?"

"काहीतरी असंलच की. तलावाची वाट सोडतो म्हून, न्हाईतर माळावर हक्क न्हाई म्हून. गावातून माणूस इथवर मोकळ्या हातानं येत न्हाई."

मी सांगितलं, सही नाही, बंदी उठली आहे, मेंढरं घेऊन परत ये. मी चुकलो. त्यानं बायकोकडं बघितलं. ती चहा गाळत होती. गाळून झाल्यावर ती म्हणाली, "गुरुजी, बंदी उठली ते बराबर. पण उद्या वाऱ्यानं एक झाड मोडलं, तर ते कुणाच्या नावावर?"

मी म्हणालो, कुणी काही म्हणणार नाही.

"तवाबी तुमीच म्हणले होते," धनगर म्हणाला. यात राग नव्हता. काल पाऊस पडला होता असं सांगावं तसं त्यानं सांगितलं. चहा त्यांनी दिला. मी तो पिऊन कप खाली ठेवला. मग धनगर म्हणाला, येईन, पण एका बोलीवर. मेंढरं माळावर सोडायच्या आधी तुमी तिथं पाहिजे. सांजेला उठवताना बी पाहिजे. दर दिवशी.

मी हो म्हणालो. त्याचा विश्वास बसला नाही हे दिसत होतं.

तो आला, त्याला आता काही आठवडे झाले. गुडघे दुखतात, तरी उजाडलं की मी माळावर जातो. तो कळप तलावाच्या अंगाला थांबवून ठेवतो, बायको काठी आडवी धरून उभी राहते. मग तो मला झाडांच्या ओळीतून चालवत नेतो. घाईनं पुढं गेलो तर थांबवतो. प्रत्येक झाडाच्या खोडाला हात लावतो, शेंडा वाकवून पानं माझ्या डोळ्यांसमोर धरतो.

"हे बघा गुरुजी. उभं हाय?"

"उभं आहे."

"पानं?"

"आहेत."

"हे?"

मी एकदा म्हणालो, अरे, राहू दे, मला दिसतंय सगळं. तो थांबला. म्हणाला, "न्हाई, बोला तुमी. तिलाबी ऐकू जाऊ द्या."

मी मोठ्यानं बोललो. तिकडून त्याच्या बायकोनं काठी उचलली, आणि मेंढरं माळावर आली.